‘आमी नुस्तं हसलो’ : दुसरीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, कृष्णाकाठ, जि. सांगली. इयत्ता दुसरी. वर्गातलं चिडवणं कमी व्हावं म्हणून जे केलं त्याच्या या नोंदी. ही वही टेबलावर उघडी असते आणि आता बऱ्याच जणांना जोडाक्षरं वाचता येतात, म्हणून मुलांची खरी नावं इथं लिहीत नाही. प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव दिलंय.

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

आज विद्यार्थी दिवस. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, हे परिपाठात सरांनी सांगितलं. वर्गात आल्यावर मी पुढचं सांगितलं. नऊ वर्षांचा मुलगा. वर्गात सगळ्यांत मिसळून बसायचं नाही, कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला घरून गोणपाट आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूससुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही.

अशा गोष्टीनंतर ‘वाईट वाटलं’ हे एका सुरात ऐकायची मला सवय आहे. आज होल्यानं हात वर केला आणि विचारलं, “बाई, बाकीची पोरं काय करत हुती?”

हा प्रश्न मी तसाच वर्गाला दिला. तुम्ही त्या वर्गात असता तर काय केलं असतं? एक म्हणाला, माझ्या बस्करावर घेतलं असतं. दुसरा म्हणाला, बाईंना नाव सांगितलं असतं. सगळे शूर झाले होते. मागून चिमणी हळूच म्हणाली, “मी काय केलं नसतं. मला भ्या वाटलं असतं.” दिवसभरात मिळालेलं सगळ्यांत खरं उत्तर हे. तिला शाबासकी दिली तेव्हा मुलं बुचकळ्यात पडली.

१० नोव्हेंबर, सोमवार

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. गावाबाहेरच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या आणि आज शाळेत नवी मुलगी आली. जत तालुक्याच्या पूर्व भागातली. घरी कन्नड, गावातली शाळाही जिल्हा परिषदेचीच पण कन्नड माध्यमाची. सोबत शिक्षण हमी कार्ड (कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांना मिळतं ते) होतं, त्यामुळे दाखल करून घ्यायला अडचण आली नाही. गणित पक्कं आहे. हातच्याची वजाबाकी फळ्यावर सरळ करून दाखवली. हिला मी साळुंकी म्हणेन.

मधल्या सुट्टीच्या आधी तिला तहान लागली. ती उभी राहून म्हणाली, “नीरू.” कोतवालानं मान वाकडी करून तसंच म्हणून दाखवलं आणि अख्खा वर्ग फुटला. ती खाली बसली, पाणी प्यायलीच नाही. खिचडीलाही उठली नाही. मग मावशींनी ताट वर्गात आणून दिलं.

कोतवालाला विचारलं तर म्हणाला, मी एकदाच बोललो, समदी हसली. समद्यांना विचारलं. उत्तर आलं, “आमी काय चिडवलं न्हाई बाई, आमी नुस्तं हसलो.”

खोटं नव्हतं ते. मुलांच्या हिशेबात चिडवणारा एक असतो, बाकीचे कुणीच नसतात. पण त्या हशाशिवाय कोतवालाला तोंड उघडायचं कारणच उरत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शनिवारचा आराखडा लिहायला बसले. आनंददायी शनिवारचे दोन तास या विषयाला द्यायचे ठरवलंय, सरांची हरकत नाही. त्यांचं म्हणणं, मैत्रीवर सुविचार, एक गाणं, एक गोष्ट घ्यावी. गाणं घेईन. सुविचारानं काही होईल असं मला वाटत नाही. दुसरीच्या मुलाला ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ तोंडपाठ असतं आणि ते म्हणून झाल्यावर तो मागच्याची टोपी ओढतो.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हाच विषय वर्गाच्या बाजूनं मांडला होता. छळणारा आणि सोसणारा एवढे दोघेच त्यात नसतात. त्याला हातभार लावणारे असतात, हसून हवा देणारे असतात, बाजूला सरकणारे असतात आणि मध्ये पडणारेही असतात. पुढं तुर्कू विद्यापीठात ‘कीवा’ नावाचा शालेय कार्यक्रम झाला, तो या बघ्यांवरच काम करतो. त्या अभ्यासातली मुलं बारा-तेरा वर्षांची होती, माझी सात-आठची आहेत. त्यांना भूमिका वगैरे समजावण्यात अर्थ नाही, खेळातूनच यावं लागेल. दिशा मात्र हीच ठेवायची. साळुंकीला ‘लक्ष देऊ नको’ म्हणून सांगायचं नाही आणि कोतवालाला उभं करायचं नाही. हसणाऱ्यांपाशी जायचं.

डीएडला मोरेनोची समाजमिती, म्हणजे गटात कुणाला कोण हवंसं वाटतं ते मांडायची पद्धत, शिकलो होतो, तिचा उपयोग आज केला. प्रत्येकाला एकेकटं जवळ बोलावून विचारलं, सहलीला गेलो तर कुणाशेजारी बसशील? ‘कोण आवडत नाही’ हे विचारायचं नाही. तो प्रश्नच मुलाच्या हातात नवं हत्यार देतो. ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं, असे वहीत बाण काढले. कोतवालाकडं सगळ्यांत जास्त बाण. साळुंकीकडं एकही नाही, ती नवीन आहे. पण पारव्याकडंही एकही नाही, आणि तो पहिलीपासून इथंच आहे. पारवा बोलताना अडखळतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हळकुंडाचा खेळ. सांगलीच्या पोरांना हळकुंड काय नवं नाही. कुणाच्या घरी हळद लावलेली असते, कुणाचा बाप मार्केट यार्डात हमाल असतो. प्रत्येकाला एकेक दिलं. पाच मिनिटं नुसतं बघायचं, बोटानं चाचपायचं, वास घ्यायचा, मनातल्या मनात ओळख लिहून ठेवायची. मग सगळी परातीत टाकून कालवली आणि आपापलं शोधायला लावलं.

गडबड होईल वाटलं होतं, पण मुलं ओणवी होऊन गप शोधत राहिली. बुलबुलला आपलं लगेच सापडलं, कारण त्याला बाजूला एक बारका कोंब फुटून वाळलेला होता. पारव्याचं टोकाला काळपट होतं. दोघांनी एकाच हळकुंडावर हक्क सांगितला आणि भांडण सुटलं ते टोकावरच्या वळ्या मोजून. साळुंकीनं आपलं उचललं आणि नाकाला लावून हसली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा.

शेवटी मुलांनी काय म्हणावं हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. एकानं लगेच हात वर करून तयार उत्तर दिलं, “आपण सगळे आतून सारखे.” हे उत्तर त्यांना कुठूनतरी मिळालेलं असतं. मी विचारलं, तुला तुझं कशावरून सापडलं? “वाकडं हाय म्हणून.” मग वाकडं होतं ते बरं झालं का वाईट? यावर बराच वेळ चर्चा चालली. सारखं असण्यावर मला भर द्यायचा नाही. मुलांना दिसतं की पारवा त्यांच्यासारखं बोलत नाही. ‘सगळे सारखे’ म्हटलं की ते मान डोलावतात आणि बाहेर जाऊन डोळ्यांना दिसतं त्यावर बोलतात. वेगळं आहे हे मोकळेपणी म्हणू द्यावं, मग त्याचं काय करायचं ते बोलता येतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पटांगणात खडूनं दोन मोठी रिंगणं काढली. एकात दोन हसरे चेहरे, दुसऱ्यात एक हसरा आणि एक रडवेला. मी प्रसंग सांगायचा आणि मुलांनी पळत जाऊन त्या त्या रिंगणात उभं राहायचं.

दादानं बहिणीची वेणी ओढली, तिनं त्याला गुदगुल्या केल्या. सगळे पहिल्यात. कुणी चिखलात घसरून पडलं आणि बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. सगळे दुसऱ्यात. सोपं होतं इथवर. मग विचारलं, मित्राला ‘ढोल्या’ म्हटलं आणि तो पण हसला. निम्मी इकडं, निम्मी तिकडं, काही मध्येच अडकलेली.

मध्ये उभ्या असलेल्यांत राघू होता. घरी-दारी त्याला त्याच नावानं हाक मारतात. तो म्हणाला, “मी हसतोय, पण मला आत तसं नसतंय.” कोतवाल त्याच्याकडं बघत राहिला. दोघं एकाच आळीतले, रोज बरोबर येतात. मी काही बोलले नाही, पुढचा प्रसंग घेतला. या वयाचं पोर एवढं बोललं की त्यावर मोठ्या माणसानं भाष्य करू नये.

वर्गासाठी एक कसोटी मात्र यातून मिळाली. गंमत आहे की चिडवणं, हे ज्याच्यावर गंमत केली तो ठरवणार. करणारा नाही आणि बघणारेही नाहीत. आणि नुसतं तोंडाकडं बघून भागत नाही, विचारावं लागतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या मोज्यांच्या बाहुल्या. बटणांचे डोळे, लोकरीचे केस. तीन बाहुल्या पुरतात: गुंड्या, चिमाबाई आणि तिसरा नुसता ‘तिसरा’. मुद्दाम नाव ठेवलं नाही, म्हणजे कुणालाही तो होता येतो. चिमाबाईला नवा चष्मा लागलाय आणि गुंड्या तिला चिडवतोय. आमच्या वर्गात चष्मा कुणालाच नाही, म्हणून तो निवडला. वर्गातल्याच मुलाची गोष्ट बाहुलीकडून करून घेतली तर तो दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर येतो.

गुंड्या सगळ्यांना जमतो, चिमाबाई बहुतेकांना. अडतं ते तिसऱ्यापाशी. पहिल्या फेरीत प्रत्येक तिसऱ्यानं गुंड्याला धपाटा घातला. मुलांना मध्ये पडणं म्हणजे मारामारीच वाटते आणि म्हणून घाबरट पोर मध्ये पडतच नाही. आज बराच वेळ हेच शोधत बसलो की न भांडता तिसऱ्याला काय करता येईल. मुलांनी काढलेलं असं: हसायचं नाही. गुंड्याकडं बघायचंच नाही. चिमाबाईजवळ जाऊन ‘चल, पाणी प्यायला येतीस का’ म्हणायचं. गुंड्याला ‘बास की आता’ एवढंच म्हणायचं. बाईंना सांगायचं.

शेवटच्यावर लगेच आवाज उठला, “ती चहाडी!” मग तेही बोललो. कुणाला मार बसावा म्हणून सांगितलं तर चहाडी. कुणाला त्रासातून सोडवायला सांगितलं तर मदत. सात वर्षांच्या मुलाला हा फरक एकदा सांगून कळत नाही, पुन्हा पुन्हा उदाहरणं द्यावी लागतात. शाळेची तक्रारपेटी व्हरांड्यात आहे पण दुसरीच्या हाताला पुरत नाही आणि लिहिणंही जड जातं. वर्गात खोक्याची एक पेटी ठेवली, तिच्यात चित्र काढून टाकलं तरी चालेल.

पाणी प्यायला नेण्याची कल्पना चिमणीची होती. तिला आठवत होतं.

३ डिसेंबर, बुधवार

जागतिक दिव्यांग दिन. सरांनी मोबाईलवर सचिन खिलारी यांचा व्हिडिओ दाखवला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य. मुलं हरखून गेली. सुट्टीत सगळी एक हात पाठीशी धरून दगड फेकत होती.

अभिमानाची गोष्ट आहे आणि ती दाखवलीच पाहिजे. तरी मला काळजी वाटते. प्रत्येक वेळी पदकवाल्याचीच गोष्ट सांगितली तर मुलांना वाटेल की वेगळ्या माणसानं काहीतरी अचाट करून दाखवलं की मगच त्याला मान. पारव्याला पदक नकोय. त्याला खो-खोत घेतलेलं हवंय आणि बोलताना वाक्य पुरं करू दिलेलं हवंय.

म्हणून दुपारी वर्गात एकच नियम आणला: कुणीही बोलत असताना त्याचा शब्द दुसऱ्यानं बोलायचा नाही. पारव्यासाठी आहे असं सांगितलं नाही, सगळ्यांना लागू. अडखळणाऱ्या मुलाला ‘सावकाश बोल’, ‘नीट बोल’ म्हटलं की तो आणखी अडखळतो. आपण त्याच्या तोंडाकडं निवांत बघत थांबायचं, एवढंच करायचं असतं. आज त्यानं पाच ओळींचा परिच्छेद वाचला. वेळ लागला. चुळबुळ झाली, पण शब्द कुणी पुरवला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

गडी कसे वाटून घ्यायचे, यावर आजचा तास. दोन म्होरके उभे राहून एकेक नाव घेतात आणि शेवटी जो उरतो त्याला दोन्हीकडून ‘तुझ्याकडं घे, तुझ्याकडं घे’ होतं. मुलाला रोज सगळ्यांदेखत सांगितलं जातं की तू नकोस, आणि ते खेळाच्या तासाला, आमच्यासमोर.

आमच्या लहानपणीची रीत शिकवली. दोघांदोघांनी गळ्यात हात टाकून लांब जायचं, आपसात गुपचूप नावं ठरवायची, तू चंद्र मी सूर्य, आणि म्होरक्यांसमोर येऊन विचारायचं, कुणाला चंद्र, कुणाला सूर्य? म्होरका नाव मागतो, पोरगं कुणाचं ते त्याला माहीत नसतं. शेवटी कुणी उरतच नाही. मुलांना गुपचूप नावं ठेवण्यातच इतकी मजा आली की खेळ बाजूला राहिला. ऊस आणि बेदाणा, गुळ आणि शेंगा, रेल्वे आणि एसटी.

कच्च्या लिंबूचाही विषय निघाला. खेळता येत नाही त्याला कच्चा लिंबू करून खेळात ठेवायचं, बाद करायचं नाही, ही मुलांची स्वतःची जुनी सोय आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. कुठल्याही मोठ्या माणसानं शिकवलेली नाही. पण पारव्याला वर्षभर कच्चा लिंबूच ठेवलंय, आणि पळण्यात तो कुणापेक्षा कमी नाही. मुलांनीच नियम काढला: कच्चा लिंबू व्हायचं का नाही, ते ज्याचं त्यानं सांगायचं. पारवा म्हणाला, “म-मला राज्य द्या.” दिलं. तिघांना बाद केलं त्यानं.

१३ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर माता पालक गटाची बैठक. घरातल्या हाकांवर बोलले. काळू, बुटकी, ढोल्या, तोतरा. एक आई जरा चिडली. म्हणाली, लाडानं म्हणतो आम्ही, त्याच्यात काय? लाड असतो यात शंका नाही. पण ते नाव वाटेनं शाळेत येतं आणि शाळेत त्याच्यातला लाड गळून पडतो, नाव तेवढं राहतं. यावर दुसऱ्या एक ताई स्वतःच्याच लहानपणचं बोलल्या आणि बैठक लांबली. त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहीत नाही.

त्याआधी सकाळी वर्गात हजेरी वेगळी घेतली. शाळेत तुला काय म्हणू? बहुतेकांनी आपलं नावच सांगितलं. एकानं ‘पैलवान’ सांगितलं, मान्य केलं. राघूनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. खिचडीच्या मावशींनाही यादी दिली, कारण पंगतीत सगळ्यात जास्त टोपणनावं त्याच वापरतात. त्यांनी यादी चुलीमागच्या भिंतीला चिकटवली.

२० डिसेंबर, शनिवार

परवा आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत या विषयावर एक प्रात्यक्षिक झालं. कागदाचं बदाम कापायचं, प्रत्येक वाईट शब्दाला एक चुरगळा, मग उलगडून दाखवायचं: बघा, सुरकुत्या जात नाहीत. अनेक शाळांत हे घेतात आणि घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मी माझ्या वर्गात घेणार नाही. चिडवलं गेलेलं पोर त्याच वर्गात बसलेलं असतं. त्याला आपण काय सांगतो? की तू चुरगळलास आणि आता नीट होणार नाहीस? राघू आणि पारवा दोघंही या महिन्यात मोकळे होत चाललेत, ते मी रोज बघतेय. मुलं सावरतात, शेजारी कुणी असेल तर लवकर सावरतात. चिडवणाऱ्याला धडा देण्यासाठी सोसणाऱ्याचं काळीज फळ्यावर टांगायचं नसतं.

परिषदेत हे बोलले. दोघी-तिघींना पटलं, बाकीच्यांना नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार

आज सावित्रीबाईंची जयंती. मुली नऊवारी नेसून आल्या होत्या, साळुंकीलाही मावशींनी नातीचं लुगडं नेसवलं. नायगाव शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, हे नकाशात दाखवलं.

पण आजची मुख्य नोंद वेगळी. वर्गातल्या पेटीत एक चित्र निघालं. मोठं रिंगण, आत बरीच मुलं, बाहेर एकटा मुलगा. खाली नाव नाही, पण शर्टावरच्या पट्ट्या ओळखीच्या होत्या. कोतवालाचं चित्र. दोन-तीन दिवस त्याच्याशी कुणी खेळत नव्हतं. तो जवळ आला की ‘गुंड्या आला, गुंड्या आला’.

म्हणजे बघे एकजूट झाले आणि एकजुटीनं आता त्याला चिडवतायत. या वाटेवर हा धोका असतोच, आणि चांगलं काम करतोय अशा समजुतीनं चाललेलं चिडवणं जास्त टोचतं. आज पुन्हा बाहुल्या काढल्या, पण गुंड्याला रडवेला करून. तिसऱ्यानं आता काय करायचं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पारवा उठला, मोजा हातात घातला आणि गुंड्याला म्हणाला, “ए-येतोस का पाणी प्यायला?”

गुंड्या हे नाव बाहुलीचं, माणसाला ते लावायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. कोतवालाशी नंतर वेगळं बोलले. त्याची नक्कल करण्याची ताकद खरंच मोठी आहे, ती वाया घालवायची नाही. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात प्राण्यांचे आणि गाड्यांचे आवाज काढायचं काम त्याच्याकडं दिलंय.

१७ जानेवारी, शनिवार

पुन्हा बाण काढले. कोतवालाकडचे कमी झाले, राघूकडं वाढले. पारव्याकडं आता बाण आहेत, त्यातला एक कोतवालाचा. साळुंकीकडं चिमणीचा आणि बुलबुलचा. एका मुलाकडं अजूनही एकही नाही. तो फार दांडी मारतो, सोमवारी त्याच्या घरी जाऊन येणार आहे. वर्गात हसणं काही थांबलेलं नाही. कुणी अडखळलं की पहिला फिस्सकन आवाज येतोच, पण आता त्याच्यामागून बाकीचे हसत नाहीत, आणि तो आवाज एकटाच पडतो.

सुट्टीत मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि मोजणं साळुंकीकडं होतं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. दहापर्यंत सगळ्यांना येतं आता, पुढं मराठीत जातात. कोतवालही मोजत होता, तिच्यासारखंच, मान सरळ ठेवून.

हंगाम संपला की साळुंकी जतला जाईल. शिक्षण हमी कार्डावर गणित आणि वाचन किती झालं ते लिहायची जागा असते. तिथल्या बाईंसाठी मी सोबत एक वेगळा कागद जोडणार आहे: मराठी अक्षरं ओळखते, उड्यांच्या खेळात पुढं असते, वर्गात एकटी पाडली तर जेवत नाही, शेजारी मैत्रीण बसली की दोन वाट्या खिचडी खाते. दोरी तिलाच देणार आहे. पुढच्या शनिवारी पहिलीच्या बाई आमच्याकडं बसायला येतायत, त्यांना बाहुल्यांचा खेळ बघायचाय. त्यांच्यासाठी मोजे गोळा करायला सांगितलंय, जोडीतला एक हरवलेला असला तरी चालेल.